प्रस्तावना : दोन थरांच्या मध्ये

चारही कडांवर नुसती टेकवलेली एक चौरस प्लेट घ्या. ती कार्बन तंतूंच्या चार सारख्या थरांची आहे. वरच्या आणि खालच्या थरातले तंतू एका दिशेला, मधल्या दोन थरांतले त्यांना काटकोनात. तंतूंच्या दिशेनं थर जेवढा ताठ, त्याच्या पंचविसावा हिस्सा आडव्या दिशेनं. प्लेटवरचा भार मधोमध सर्वांत जास्त आणि कडांकडे उतरत शून्यावर येणारा. ही प्लेट मध्यभागी किती वाकेल? जाडी बाजूच्या चौथ्या हिश्शाएवढी असेल, तर जुना पुस्तकी प्लेट-सिद्धांत सांगतो ०.४३१. (एककं काढून टाकलेलं माप आहे हे, मिलिमीटर समजू नयेत.) त्रिमितीय स्थितिस्थापकतेचं गणित कुठलीही सूट न घेता केलं, तर उत्तर येतं १.९५४. जवळजवळ साडेचार पट.

आता तीच प्लेट पातळ करत न्या. बाजू जाडीच्या दहापट झाली की खरं उत्तर ०.७४३ वर येतं. जुना सिद्धांत मात्र ०.४३१ वर ठाम असतो, कारण या मापात मांडल्यावर जाडीचं आणि बाजूचं प्रमाण त्याच्या उत्तरात येतच नाही. बाजू शंभरपट झाली की दोघांतला फरक दोन टक्क्यांच्या आत येतो आणि भांडण मिटतं.

एवढी जाड प्लेट वापरतो कोण, असं कुणीही विचारील आणि त्याचं विचारणं बरोबर आहे. विमानाच्या पंखाचं आवरण काही मिलिमीटरचं असतं आणि त्याची बाजू हाताच्या मापात. पण प्लेट जाड की पातळ हे नुसत्या बाजूवरून ठरत नाही. भार किती अंतरात चढतो आणि उतरतो, यावर ते ठरतं. पातळ आवरणाला एक बोल्ट जोडला की त्या बोल्टभोवतीच्या दोन-तीन सेंटिमीटरांत ते आवरण जाड प्लेटसारखंच वागायला लागतं. मोठ्या वारंवारतेच्या कंपनात तरंगाची लांबी कमी होते, तेव्हाही तेच. आणि ज्याच्या पोटात फोम किंवा बाल्सा लाकूड भरलंय असं सँडविच पॅनेल वरून पातळ दिसलं, तरी आतून इतकं मऊ असतं की त्याला पातळ म्हणणं धाडसाचं ठरतं. साताऱ्याकडे वनकुसवड्याच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांची पाती काचतंतूंची असतात. तशा पात्यांच्या आवरणात बऱ्याच ठिकाणी हीच सँडविच रचना असते. तेव्हा ०.४३१ आणि १.९५४ यांच्यातलं अंतर हे केवळ परीक्षेतलं गणित नाही.

हे अंतर कुठून आलं ते समजायला थोडं मागं जावं लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्न्स्ट क्लाडनी पॅरिसला आला. पत्र्यावर वाळू पसरायची, कडेवर व्हायोलिनचा गज फिरवायचा आणि वाळूच्या नक्ष्या उमटताना लोकांना दाखवायच्या, असे त्याचे प्रयोग असत. नेपोलियनही ते पाहून प्रभावित झाला, आणि या नक्ष्यांचं गणित देणाऱ्याला फ्रेंच अकादमीनं बक्षीस लावलं. ते १८१६ साली सोफी जर्मेन हिला मिळालं. तिचा पहिला प्रयत्न चुकला होता. लाग्रांजनं त्यातली दुरुस्ती दाखवली, तरी ती अडून राहिली आणि तिसऱ्या खेपेला जिंकली. तिची मांडणीही पुरती निर्दोष नव्हती, पण ज्या समीकरणाभोवती पुढचं शतक फिरलं ते तिथंच उभं राहिलं. त्याला पक्का पाया दिला गुस्ताव किरखोफनं, १८५० मध्ये. त्याचं गृहीतक सांगायला एक वाक्य पुरतं: प्लेटच्या मधल्या पातळीला लंब असलेली रेषा प्लेट वाकल्यावरही सरळ राहते, लंबच राहते आणि तिची लांबी बदलत नाही. या एका वाक्यामुळे तीन मितींचा प्रश्न दोन मितींत बसला. यांत्रिकीच्या इतिहासात इतक्या कमी शब्दांत इतकं काम वाचवणारी वाक्यं फार थोडी आहेत.

या वाक्यात एक गोष्ट गुपचूप टाकून दिलेली आहे. प्लेटच्या जाडीत एक पातळी दुसरीवर थोडीशी घसरते, ती शिअर विकृती. लंब रेषा लंबच राहते असं म्हटलं की ही घसर शून्य धरली. पोलादात ती शून्य धरायला फारसं काही लागत नाही, कारण पोलादाचा शिअरमधला ताठपणा हा ओढीतल्या ताठपणाचा साधारण अडीचावा हिस्सा असतो. वाकायच्या मानानं घसरायला पोलाद फार सोपं नाही. पण आपल्या कार्बनच्या थरात तंतूंच्या दिशेचा ताठपणा २५ धरला, तर जाडीतल्या एका दिशेचा शिअर ताठपणा ०.२ असतो. एकास सव्वाशे! तंतू प्रचंड ताठ आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन प्लास्टिकच्या जातीचं. दोनशे पानी वही दोन हातांत धरून वाकवली की पानं एकमेकांवरून सरकतात आणि वहीची कड तिरपी होते. लॅमिनेटमध्ये हेच घडतं, फक्त पानांच्या मध्ये डिंक असतो. किरखोफच्या सिद्धांताला ही सगळी पानं एका अखंड लाकडी फळीसारखी दिसतात.

तरीही मी या जुन्या सिद्धांताच्या बाजूनं बोलणार आहे, कारण त्यानंच या शतकातली बहुतेक विमानं उडवली. थरांच्या प्लेटला लावल्यावर त्याला क्लासिकल लॅमिनेशन थिअरी म्हणतात. पायाभरणी सोव्हिएत संघात लेख्नित्स्कीसारख्यांनी केली. त्यांच्या डोळ्यांपुढे प्लायवूड होतं. प्लायवूडची विमानं तेव्हा सर्वत्र होती, आणि दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं डी हॅविलंड मॉस्किटो तर बाल्साच्या दोन बाजूंना प्लायवूड चिकटवून बनवलेलं. १९६१ मध्ये राइसनर आणि स्टाव्हस्की यांनी ओढणं आणि वाकणं यांची सांगड सर्वसाधारण रूपात मांडली. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या संशोधन केंद्रात भरवशाचा, बळकट कार्बन तंतू हाती आला आणि ही सगळी समीकरणं कपाटातून बाहेर निघाली.

या थिअरीचा आत्मा म्हणजे तीन मॅट्रिक्स: ए, बी आणि डी. ए सांगते की प्लेट आपल्याच पातळीत ओढल्यावर किती ताणते. डी सांगते वाकवल्यावर किती वाकते. धातूच्या पत्र्यात एवढ्यावर काम भागतं. बी मात्र लॅमिनेटची स्वतःची आहे. ती सांगते की ओढली तर प्लेट वाकेल आणि वाकवली तर ताणेल. थरांची मांडणी मधल्या पातळीच्या दोन्ही बाजूंना आरशासारखी सारखी असेल तर बी शून्य होते. नसेल तर नाही. शिकवताना मी या ठिकाणी नेहमी थांबतो, कारण ओढल्यावर वाकणारी वस्तू विद्यार्थ्यानं आयुष्यात पाहिलेली असते, पण तिचं नाव त्याला माहीत नसतं. एकाच बाजूला लॅमिनेट चिकटवलेली प्लायवूडची फळी पावसाळ्यात कशी होते ते कोणत्याही सुताराला विचारा.

बीचा सर्वांत देखणा नमुना ओव्हनमध्ये तयार होतो. दोन थर घ्या, एक सरळ, एक आडवा. साधारण १८० अंश सेल्सिअसला रेझिन पक्कं होतं आणि त्या क्षणी प्लेट सपाट असते. मग ती थंड होते. तंतूंच्या दिशेनं थर जवळजवळ आकसतच नाही, कारण कार्बन तंतूचं लांबीतलं प्रसरण शून्याच्या आसपास, किंबहुना किंचित उलटं असतं. आडव्या दिशेनं रेझिन भरपूर आकसतं. एका थराला जी दिशा आकसायची, तीच दुसऱ्याला न आकसायची. प्लेट वाकडी होते. थिअरी सांगते की ती घोड्याच्या खोगिरासारखी होईल: एका दिशेनं वर, दुसऱ्या दिशेनं तेवढीच खाली. आकारानं लहान आणि जाडसर प्लेट खरोखरच तशी होते. पण १९८१ मध्ये अमेरिकेतल्या मायकेल हायर यांनी पातळ, पसरट नमुन्यांबद्दल लिहिलं ते वेगळंच होतं. त्यांच्या प्लेटी खोगीर न होता नळीच्या तुकड्यासारख्या गोलाकार होत होत्या. आणि अशी प्लेट अंगठ्यानं दाबली की टक्‌कन उलटून दुसऱ्या दिशेची नळी होते, तीही तितकीच स्थिर.

थिअरी इथं का चुकली? खोगिराचा आकार घ्यायचा तर प्लेटच्या मधल्या पातळीला कुठं ताणावं आणि कुठं दबावं लागतं. पातळ प्लेटला वाकणं स्वस्त आणि आपल्याच पातळीत ताणणं महाग. मग ती दोन वक्रांपैकी एक सोडून देते आणि ताणण्याचा खर्च वाचवते. जुन्या गणितात उताराच्या वर्गाचं पद लहान म्हणून वगळलेलं असतं, आणि नेमकं तेच पद हा हिशेब करत असतं. हायर यांनी ते परत घेतलं आणि नळी कागदावर उतरली. बाक जाडीच्या तोडीचा झाला की हे पद टाळता येत नाही, हा धडा त्या लहानशा नमुन्यानं जितका स्पष्ट दिला तितका जाडजूड ग्रंथांनी दिला नाही, असं माझं मत आहे.

थरांच्या दिशा बदलून प्लेटचा स्वभावच बदलता येतो, हे ध्यानात आल्यावर अभियंत्यांनी त्याचा फायदा उचलला. पुढं झुकलेले पंख असलेलं विमान हे जुनं स्वप्न होतं. अडचण एकच, आणि तीही जीवघेणी: असा पंख हवेच्या भारानं वाकला की त्याचं टोक वर वळतं, वळल्यानं भार आणखी वाढतो, भार वाढल्यानं आणखी वळतं, आणि ठरावीक वेगाला पंख तुटून जातो. धातूच्या पंखाला यावर उपाय म्हणजे वजन वाढवणं, आणि त्यात फायदा सगळा खाऊन जातो. ग्रुमन कंपनीच्या एक्स-२९ या प्रायोगिक विमानाच्या पंखांवर कार्बनची आवरणं अशा तिरप्या कोनांत घातली की पंख वाकताना टोकाच्या वळण्याला आवर बसावा. १४ डिसेंबर १९८४ रोजी ते पहिल्यांदा उडालं. त्यामागचं गणित ए आणि डी मॅट्रिक्समधल्या, विद्यार्थी शून्य असतील तर बरं म्हणून हात जोडतात, त्या पदांचं आहे.

मग हा सिद्धांत इतका कामाचा असताना पुढं का जायचं? प्लेट किती वाकते हा एक प्रश्न आणि ती कुठं फाटते हा दुसरा, म्हणून. कार्बन-इपॉक्सीचा थर तंतूंच्या दिशेनं दीड-दोन हजार मेगापास्कलपर्यंत ओढ सोसतो. तोच थर शेजारच्या थरापासून उचकटायला पन्नासच्या आसपास मेगापास्कल पुरतात. त्यामुळे ज्या ताणांना मोठ्या ताणांच्या मानानं क्षुल्लक म्हणून गणितातून वगळलं, तेच लॅमिनेट फोडतात. थर सुटतात, वरून काही दिसत नाही, आणि दाब आला की सुटलेला थर बाहेर फुगून प्लेट बसते. रोल्स-रॉइसनं आरबी२११ इंजिनासाठी कार्बनची पंख्याची पाती केली होती. वजनात मोठी बचत होणार होती, पण १९७० मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत आणि पुन्हा टायटॅनियमकडे जावं लागलं. १९७१ च्या फेब्रुवारीत कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याची कारणं अनेक होती, एकट्या पात्यांवर ते खापर फोडता येणार नाही. पण धातूची सवय असलेल्या उद्योगाला थरांच्या पदार्थानं पहिला मोठा दणका दिला तो हा.

अगदी अलीकडचं उदाहरण टायटन पाणबुडीचं. १८ जून २०२३ रोजी अटलांटिकच्या तळाकडे जाताना ती चेंगरली आणि आतले पाचही जण गेले. तिची दंडगोल भिंत कार्बन तंतूंची, सुमारे पाच इंच जाड, इंच-इंचभराच्या पाच टप्प्यांत एकावर एक चढवलेली. चौकशीत त्या भिंतीच्या नमुन्यांत सुरकुत्या आणि पोकळ्या आढळल्या. दंडगोल म्हणजे प्लेट नव्हे, हे खरं. पण टप्प्याटप्प्यानं चिकटवलेल्या जाड लॅमिनेटमध्ये टप्प्यांच्या सीमेवर काय चाललंय हा प्रश्न तोच आहे.

या सीमेवरच्या ताणांना काही नियम आहेत आणि ते पाळणं गणिताला फार जड जातं. दोन थर एकमेकांना चिकटलेले आहेत म्हणजे सीमेवर दोघांचं सरकणं सारखं हवं. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं वरच्या थरानं खालच्याला दिलेला शिअर ताण आणि उभा ताण खालच्यानं वरच्याला तसाच परत द्यायला हवा. म्हणजे हे ताण सीमेवर सलग. पण दोन थरांचा शिअरमधला ताठपणा वेगळा असल्यानं सारख्या ताणाला घसर मात्र वेगवेगळी. परिणामी जाडीतून काढलेली मूळची सरळ रेषा प्रत्येक सीमेवर मोडते आणि नागमोडी होते. उलट प्लेटच्या पातळीतले ताण सीमेवर एकदम उडी मारतात, कारण तिथं स्ट्रेन सारखा आणि ताठपणा वेगळा. थोडक्यात, जे सलग हवं ते सलग येत नाही आणि जिथं उडी हवी तिथं गुळगुळीत वक्र येतो, अशी चूक करायला लॅमिनेटची प्लेट अगदी सोयीची जागा आहे.

निकोलस पगानो यांनी १९६९ आणि १९७० मध्ये हे सर्व नियम पाळून काही प्रश्न पुरते सोडवून दाखवले. ते अमेरिकन हवाई दलाच्या ओहायोमधल्या पदार्थ-प्रयोगशाळेत होते. प्रत्येक थर त्रिमितीय घन म्हणून धरायचा, त्याची समीकरणं वेगळी सोडवायची आणि सीमेवर तीन सरकणी आणि तीन ताण जुळवून घ्यायचे, अशी त्यांची रीत. वर दिलेले १.९५४ आणि ०.७४३ हे आकडे याच घराण्यातले. रीत चोख असली तरी तिची ऐपत मर्यादित आहे. कडा नुसत्या टेकवलेल्या हव्यात, भार ज्या-वक्रासारखा किंवा अशा वक्रांच्या बेरजेनं मांडता येईल असा हवा, तंतू सरळ किंवा आडवेच हवेत. पंचेचाळीस अंशांचा थर आला किंवा प्लेटला भोक पडलं की ही रीत थांबते. म्हणूनच ती मोजपट्टी म्हणून वापरली गेली.

मोजपट्टी हाती आल्यावर सिद्धांतांची रांग लागली. पहिली पायरी आधीच होती: राइसनर १९४५, मिंडलिन १९५१. लंब रेषा सरळ राहू दे, पण लंब राहायची सक्ती नको. याला पहिल्या दर्जाचा शिअर सिद्धांत म्हणतात आणि तो आपल्या चौकोनी प्लेटला १.७१० देतो. पण सरळ रेषेमुळे जाडीभर शिअर सारखाच येतो आणि वरच्या-खालच्या मोकळ्या पृष्ठभागावरही शून्य होत नाही. ही चूक झाकायला पाच-षष्ठांशसारखा एक गुणक लावतात. एकजिनसी प्लेटला तो ठीक. लॅमिनेटला मात्र तो थरांच्या मांडणीप्रमाणे बदलतो आणि तो गुणक काढणं हेच एक नवं गणित होऊन बसतं.

१९८४ मध्ये जे. एन. रेड्डी यांनी ही अडचण एका साध्या युक्तीनं सोडवली. मूळचे तेलंगणाचे रेड्डी उस्मानिया विद्यापीठातून अमेरिकेत गेले. त्यांनी सरळ रेषेऐवजी तिसऱ्या घाताचा वक्र घेतला आणि दोन्ही पृष्ठभागांवर शिअर शून्य हवा ही अट आधीच लादली. अनोळखी राशी पहिल्या दर्जाइतक्याच, पाच, गुणक गायब आणि आपल्या प्लेटचं उत्तर १.८९४. खऱ्यापासून तीन टक्के. त्याच सुमारास, १९८२ मध्ये, आयआयटी मुंबईच्या तरुण कांत यांनी ओवेन आणि झिएंकीविच यांच्यासोबत जाड प्लेटसाठी उच्च दर्जाचा फायनाइट एलिमेंट मांडला होता. कांतांच्या मांडणीत राशी जास्त आहेत, पण एका एलिमेंटकडून दुसऱ्याकडे जाताना उतार जुळवायची सक्ती नाही, आणि ज्यानं कधी स्वतः एलिमेंट लिहिला आहे त्याला ही किती मोठी सुटका आहे ते कळेल. पवईत पुढं अशा सिद्धांतांचा एक संप्रदायच झाला. रमेशचंद्र शिंपी यांची दोन राशींची सुटसुटीत मांडणी, आणि युवराज घुगल यांच्यासोबत त्यांनी घेतलेला सगळ्या शिअर सिद्धांतांचा आढावा हे मराठी मुलखातल्या संशोधनाचं जगभर वाचलं गेलेलं काम आहे. ते इथल्या अभियंत्यांनाच नीट ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं.

आता थोडी कडू गोष्ट. रेड्डींच्या सिद्धांतात जाडीभर एकच गुळगुळीत वक्र आहे, त्यामुळे सीमेवर घसर सलग येते आणि शिअर ताण उडी मारतो. वर सांगितलं त्याच्या बरोबर उलट. बाक छान येतो, ताण बिघडतो. उपाय माहीत आहे: पातळीतले ताण घ्यायचे आणि समतोलाच्या समीकरणातून शिअर ताण मागच्या दारानं काढायचा. रेषा मोडू देणारे झिग-झॅग सिद्धांत हा दुसरा उपाय. तूरिनच्या कारेरा यांनी अशा सगळ्या मांडण्यांना एका चौकटीत बसवलं. पण गेल्या दोन-तीन दशकांत काय झालंय, तर तिसऱ्या घाताच्या जागी साइन, मग टॅन्जंट, मग हायपरबोलिक, मग घातांकी फल घालायचं, तेच चार थर, तीच टेकवलेली कड, तेच पगानोचं कोष्टक, आणि दशांशचिन्हानंतरच्या तिसऱ्या आकड्यात सुधारणा झाली म्हणून शोधनिबंध. मी याला संशोधन म्हणायला तयार नाही. टेकवलेल्या कडेची, भोक नसलेली, एकही दोष नसलेली प्लेट कोणत्याही कारखान्यात बनत नाही. त्या फलांवर घालवलेल्या वेळाचा दहावा हिस्सा जरी भोक पाडलेल्या, आपटलेल्या, ओलावा प्यायलेल्या प्लेटी प्रत्यक्ष मोजण्यात गेला असता तर आपल्याला जास्त कळलं असतं.

कडेवरच्या ताणांचंच पाहा. १९७० मध्ये पाइप्स आणि पगानो यांनी दाखवलं की लॅमिनेट नुसतं सरळ ओढलं तरी मोकळ्या कडेजवळ थरांच्या सीमेवर मोठे ताण उभे राहतात. जाडीएवढ्या अंतरात ते विरून जातात, म्हणून ते क्लासिकल थिअरीला दिसत नाहीत. थिअरीच्या मते तिथं काहीच नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी सांगितलं की तेच थर, तेच कोन, फक्त क्रम बदलला की कडेवरचा उभा ताण ओढीचा असतो तो दाबाचा होऊ शकतो. ओढीचा असेल तर थर उचकटतात, दाबाचा असेल तर एकमेकांवर बसून राहतात. पातळीतले ताण दोन्ही मांडण्यांत अगदी सारखे, आयुष्य मात्र वेगळं. प्लेटला पाडलेलं प्रत्येक भोक ही एक मोकळी कडच असते, हे ध्यानात घेतलं तर या गोष्टीचं वजन कळेल.

आज हे सगळं सॉफ्टवेअर करतं. शेल एलिमेंट घ्या, थरांचे कोन टाका, बटण दाबा, लाल-निळं चित्र समोर. एचएएलचं तेजस वजनाच्या सुमारे ४५ टक्के आणि बोइंगचं ७८७ सुमारे ५० टक्के कंपोझिटचं आहे, आणि अशी विमानं हातानं मॅट्रिक्स लिहून होत नाहीत. सॉफ्टवेअरला माझा विरोध नाही. पण बहुतेक नेहमीचे शेल एलिमेंट पहिल्या दर्जाच्या सिद्धांतावर उभे आहेत, म्हणजे त्यात रेषा सरळ आहे आणि सीमेवरचा उभा ताण मुळातच नाही. जे गणितात नाही ते चित्रात लाल कसं होणार? ज्याला कडेवरचा ताण हवा त्यानं तिथं घन एलिमेंट घालून जाळी बारीक करावी, आणि कडेवर आकडा जाळीसोबत वाढतच जातो हे पाहून घाबरू नये. आदर्श गणितात तिथला ताण अनंताकडे जातो. तो एक आकडा वाचून काही ठरवायचं नसतं. थर सुटायला किती ऊर्जा लागते, तिथवर जावं लागतं.

आणि फुटण्याबद्दल तर नम्रपणे बोलावं हेच बरं. हिंटन, सोडन आणि काद्दूर यांनी ब्रिटनमधून एक मोठी स्पर्धाच घेतली. जगभरच्या सिद्धांतकर्त्यांना सारखेच तंतू, सारखंच रेझिन, सारखीच मांडणी दिली आणि लॅमिनेट कधी फुटेल ते आधी सांगायला लावलं. नंतर प्रयोगांचे निकाल उघड केले. २००४ मध्ये ते एकत्र छापले गेले. भाकितांत प्रचंड तफावत होती, आणि सगळ्या कसोट्यांना उतरलेला एकही सिद्धांत नव्हता. ताण किती हे आपल्याला बऱ्यापैकी सांगता येतं. त्या ताणाला लॅमिनेट काय करील, हे सांगणं वेगळं.

पुढच्या प्रकरणांची जाडी यातूनच ठरली आहे. ए, बी, डीवर मी निवांतपणे थांबलो आहे, पहिल्या दर्जावर आणि रेड्डी-कांत मांडण्यांवर पुरेसा, झिग-झॅगवर थोडा. साइन आणि हायपरबोलिकची वंशावळ मी मुद्दाम दोन पानांत आटोपली आहे. कडेच्या ताणांचं प्रकरण सर्वांत मोठं आहे आणि ते वगळून पुढं जाऊ नये. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचं स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स आणि मॅट्रिक्सची भीती नसणं, एवढी तयारी पुरेल.

सुरू करण्यापूर्वी एक काम करा. दोन सारख्या जाडीचे थर घ्या, खालचा शून्य अंशाचा, वरचा नव्वदचा. तंतूंच्या दिशेचा ताठपणा २५, आडवा १, पातळीतला शिअर ०.५, प्वासाँचं प्रमाण ०.२५ धरा आणि कागद-पेन्सिलीनं बी मॅट्रिक्स काढा. तिच्यात फक्त दोनच पदं उरायला हवीत, आकारानं सारखी आणि चिन्हानं उलटी. मग त्यावर नव्वदचा आणि शून्याचा असे आणखी दोन थर ठेवून चार थरांची सममित प्लेट करा आणि बी पुन्हा काढा. सगळी पदं शून्य आली तर पहिलं प्रकरण उघडा. नाही आली तर चिन्हं तपासा. चूक बहुतेक वेळा थराचं अंतर मधल्या पातळीऐवजी खालच्या पृष्ठभागापासून मोजण्यात असते.